लांबच्या बाईक प्रवासाचा रूट: किती आखायचा, किती सोडायचा?

नवा_भिडू
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात नऊ दिवस एकट्याने बाईकवर जायचं ठरवलंय. अंतर साधारण २,८०० किलोमीटर. आजवर दोन दिवसांपलीकडे कधी गेलो नाही, त्यामुळे रोज रात्री लॅपटॉप उघडून रूट आखत बसतो. आत्तापर्यंत ६३ थांबे टाकलेत: पेट्रोल, मुक्काम, फोटोच्या जागा, सगळं. काल एका मित्राला दाखवलं तर म्हणाला, "हा प्रवास आहे की रेल्वेचं वेळापत्रक?" तेव्हापासून डोक्यात भुंगा शिरलाय.
जाणकारांना विचारायचंय: रूट किती बारीक आखता? फोनवर भागतं की वेगळं यंत्र घ्यावं? आणि रेंज गेली की काय करता?

तिसरा_गिअर
६३ थांबे म्हणजे एसटीच की. हाफ तिकीट मिळेल का?

रानवाट
मित्राकडे लक्ष देऊ नका, आखताय ते चांगलंच आहे. फक्त चुकीची गोष्ट मोजताय. २,८०० भागिले नऊ, म्हणजे रोजचे तीनशे-सव्वातीनशे, असा हिशोब केला असेल तर तो पुसून टाका. बाईकवर दिवस किलोमीटरमध्ये मोजायचा नसतो, तासांत मोजायचा. सरळ चौपदरी रस्त्यावर ३०० किमी दुपारच्या आत संपतात. तेच ३०० घाटातले असले, मध्ये दोन ठिकाणी रस्त्याचं काम निघालं, की अंधार पडतो.
मी रोजचे सहा तास चाकं फिरण्याचे धरतो. सात म्हणजे डोक्यावरून पाणी. अ‍ॅप जो वेळ दाखवतं त्यात थांबणं धरलेलंच नसतं. पेट्रोल, पाणी, पाठ मोकळी करणं, रेनकोट चढवणं, उतरवणं, पुन्हा चढवणं. अ‍ॅपने सहा तास म्हटलं की मी आठ समजतो, आणि सूर्यास्तातून आठ वजा करून निघायची वेळ काढतो. तिथून जे निघेल ते त्या दिवसाचं अंतर.
दुसरं म्हणजे सगळे दिवस सारखे आखू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंग बोलायला लागतं. पाचवा दिवस अर्धा ठेवा.

नवा_भिडू
@रानवाट, अगदी तोच भागाकार केला होता. :( पाचवा दिवस ३८० किमीचा आहे.

मागची_सीट
३८०? तुमच्या मागे कोणी बसणार नाहीये हे त्या कोणाचं तरी नशीब.

नकाशेवाला
थांब्यांच्या संख्येपेक्षा ते कोणत्या प्रकारचे आहेत हे बघा. सगळे नवखे इथेच आपटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.
जीपीएक्स फाइलमध्ये, म्हणजे आखलेला रस्ता लॅपटॉपवरून फोनमध्ये किंवा यंत्रात न्यायच्या फाइलमध्ये, रस्ता दोन प्रकारे साठवता येतो. एक रूट, दुसरा ट्रॅक. रूट म्हणजे फक्त ठिपके: इथून इथे, मग इथे. दोन ठिपक्यांमधला रस्ता तुमचं यंत्र स्वतःच्या अकलेने काढतं. तुम्ही लॅपटॉपवर तासभर खपून नदीकाठचा वळणदार रस्ता निवडलेला असतो. फाइल फोनमध्ये गेली की फोन म्हणतो, "अहो, हायवेने पंधरा मिनिटं वाचतात," आणि तुम्हाला हायवेवर नेऊन सोडतो. तुम्हाला पत्ताही लागत नाही, कारण ठिपके तेच असतात.
ट्रॅक म्हणजे रस्त्यावर ओढलेली रेघ. शेकडो-हजारो बिंदू, जिथे आहे तिथेच. ती स्वतःहून बदलत नाही. पण बऱ्याच ठिकाणी नुसत्या ट्रॅकवर "आता डावीकडे" असं कोणी सांगत नाही, रेघ बघत चालवावं लागतं.
मी दोन्ही ठेवतो. ट्रॅक ठळक रंगात खाली, त्यावर रूट. दोघं वेगळे झाले की रूट चुकतोय हे लगेच दिसतं.
आणि ६३ मधले मुक्काम आणि पेट्रोल सोडून बाकीचे "थांबे" नकोत, ते नुसते आकार देणारे बिंदू करा, म्हणजे रस्ता इथून जावा एवढंच सांगणारे. थांबा चुकला तर यंत्र परत मागे फिरायला सांगतं. आकार देणारा बिंदू चुकला तर बहुतेक यंत्रं तो सोडून पुढे नेतात.

क्लचवायर
नकाशेवाल्यांना दंडवत. या शेवटच्या परिच्छेदासाठी मी एक अख्खी दुपार मोजली आहे.
एका गावाबाहेर फोटोसाठी म्हणून एक ठिपका टाकला होता. लॅपटॉपवर टाकताना तो दुभाजकाच्या पलीकडच्या बाजूला पडला. म्हणजे मी जातोय उत्तरेला आणि ठिपका दक्षिणेला जाणाऱ्या रस्त्यावर. यंत्राने मला इमानदारीत नऊ किलोमीटर पुढे नेलं, यू-टर्न मारायला लावला, नऊ किलोमीटर मागे आणलं, ठिपक्याला शिवलं आणि पुन्हा वळायला सांगितलं. मी निमूटपणे केलं! हेल्मेटच्या आत कोणी बोललं की माणूस ऐकतो.
तेव्हापासून प्रत्येक ठिपका पूर्ण झूम करून बघतो. आणि ठिपका कधीही चौकात टाकत नाही, चौक ओलांडून थोडं पुढे टाकतो. चौकात टाकला की तो भलत्याच रस्त्याला चिकटायची शक्यता असते.

शंकासुर
एक बाळबोध शंका. रेंज नसेल तर जीपीएस चालतं का? आमच्या ग्रुपमध्ये यावरून दोन तट पडलेत.

नकाशेवाला
चालतं. उपग्रहाकडून संदेश येतो तो फोन फक्त ऐकतो, उलट काही पाठवत नाही. त्यासाठी सिम लागत नाही. फोनचं लोकेशन चालू असेल तर विमान-मोडवरही जागा कळते. चार उपग्रह दिसले की अक्षांश, रेखांश, उंची आणि घड्याळातली चूक, चारही गोष्टी सुटतात. नेटवर्क असलं की एवढंच होतं की कोणता उपग्रह कुठे आहे ही माहिती नेटवरून मिळते आणि पहिली जागा पटकन सापडते. नसलं तर सुरुवातीला थोडं ताटकळावं लागतं. तेव्हा मोकळ्या आकाशाखाली दोन मिनिटं उभे राहा.
रेंज गेल्यावर अडतं ते नकाशाचं. नकाशा आधी उतरवलेला नसेल तर करड्या पडद्यावर निळा ठिपका दिसतो. तुम्ही कुठे आहात ते अचूक कळतं, फक्त ते "कुठे" म्हणजे काय हे कळत नाही.

काठावरचा
म्हणजे आमचं आयुष्यच की हो.

घाटमाथा
ऑफलाइनसाठी ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी अ‍ॅप बघा. ऑसमअँड, ऑरगॅनिक मॅप्स वगैरे. एकदा नकाशा उतरवला की रस्ता शोधणंही फोनमध्येच होतं. २००४ साली सुरू झालेला हा नकाशा लोकांनीच भरलेला आहे. त्यामुळे काही भागांत पायवाटासुद्धा सापडतात आणि काही भागांत गावच गायब असतं. जायच्या आधी त्या भागाचा उपग्रह-फोटो शेजारी उघडून दोन्ही ताडून बघावं. नकाशात जाड रेघ आणि फोटोत झाडं दिसली की समजायचं.
आणि उतरवलेला नकाशा घरीच विमान-मोड लावून तपासा. त्याच मोडवर एक रूट काढून बघा. निम्म्या लोकांना नकाशा उतरलाच नव्हता हे डोंगरात कळतं.

आजोबा_ऑन_व्हील्स
तुम्हा मुलांचं चालू द्या. मी गेली कित्येक वर्षं टाकीवर पांढरी चिकटपट्टी लावतो आणि तिच्यावर मार्करने दिवसाचा रस्ता लिहितो. "४२ उजवीकडे, पूल. ६७ पेट्रोल. ११० तिठा, डावी." सकाळी निघताना ट्रिपमीटर शून्य करायचा. बॅटरी संपत नाही, पावसात पडदा वेडा होत नाही, आणि लिहिता लिहिता रस्ता पाठ होतो तो वेगळाच.

तिसरा_गिअर
आजोबा, टाकीवर लिहिता लिहिता पट्टी कमी पडली तर?

आजोबा_ऑन_व्हील्स
पट्टी कमी पडली तर त्या दिवसाचं अंतर जास्त आहे असं समजायचं.

रानवाट
या वाक्यासाठी धागा वर काढायला हरकत नाही.

सहारा_स्वप्न
आजोबा करतात तेच डकार रॅलीत चालतं. तिथे स्पर्धकांना नकाशावर चालणारा निळा ठिपका मिळत नाही. रोडबुक मिळतं: इतक्या किलोमीटरवर, अशा खुणेपाशी, अमुक अंशाच्या दिशेने. पूर्वी ती कागदाची गुंडाळी असायची, हँडलवरच्या डबीत फिरवत न्यायची. अलीकडे पडदा आलाय, पण तत्त्व तेच. आणि गंमत म्हणजे या रॅलीचा जन्मच वाट चुकण्यातून झालाय. १९७७ च्या आबिदजान-नीस रॅलीत थिएरी साबिन मोटरसायकलवरून वाळवंटात हरवला होता. वाचला, आणि पुढच्याच वर्षी डिसेंबरात पॅरिसहून डकारकडे पहिली रॅली काढली.

काठावरचा
हरवल्यावर माणसं घरी परत येऊन देवाचे आभार मानतात. हा म्हणाला, आता सगळ्यांना घेऊन जातो.

मागची_सीट
फोन, यंत्र, पट्टी यांच्यावर मतं आली. एक जिवंत पर्याय राहिला. मागे बसणारा माणूस. आम्ही दोघं असतो तेव्हा नकाशा माझ्याकडे. डाव्या खांद्यावर एक टकटक म्हणजे डावीकडे, उजव्या म्हणजे उजवीकडे, दोन्हीकडे एकदम म्हणजे चुकलो, थांब. इंटरकॉम घेतला होता, पण त्यात भांडणं स्पष्ट ऐकू यायला लागली. पुन्हा खांद्यावर आलो.
पुढच्याचे डोळे रस्त्यावर राहतात हा यातला खरा फायदा. ताशी ६० ला दर सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जातात. पडद्याकडे दोन सेकंद बघितलं की तेहेतीस मीटर आंधळे.

क्लचवायर
एकट्याने जाणाऱ्याला हे कसं जमणार ताई? पण आवाजाचं पटलं. मी हल्ली फोन खिशातच ठेवतो, हेल्मेटमध्ये नुसत्या सूचना ऐकतो. फोन हँडलवर न लावण्याचं आणखी एक कारण आहे. २०२१ मध्ये अ‍ॅपलनेच अधिकृतपणे सांगितलं की मोठ्या इंजिनच्या मोटरसायकलींच्या कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते. त्या भिंगाला जागेवर धरणारा भाग इतका नाजूक असतो. लावायचाच तर कंपनं शोषणारा माउंट घ्या.

शंकासुर
आणखी एक. सिग्नलला किंवा चौकात उभं राहिलं की नकाशावरचा बाण गरागरा फिरतो. चालू लागलं की सरळ होतो. फोन बिघडलाय का?

नकाशेवाला
नाही. चालताना फोन तुमची दिशा जागेच्या बदलावरून काढतो. उभे राहिलात की जागा बदलत नाही, मग तो होकायंत्राकडे वळतो. आणि ते होकायंत्र असतं लोखंडी मोटरसायकलवर, कधी कधी तर लोहचुंबक असलेल्या टँकबॅगेवर. बिचारं काय करणार? चौकात थांबून "आता कुठे" असं ठरवू नका, चौक यायच्या आधीच बघून ठेवा.
तसंच उड्डाणपुलाचं. उपग्रहाकडून येणारी उंची आडव्या जागेइतकी भरवशाची नसते. त्यामुळे तुम्ही पुलावर आहात की खालच्या रस्त्यावर हे यंत्राला बरेचदा कळत नाही. पुलावर असताना "डावीकडे वळा" ऐकू आलं तर हसा आणि पुढे चला.

अर्धा_डबा
पेट्रोलबद्दल कोणीच नीट बोललं नाही. टाकीत १२ लिटर आणि गाडी ३० देते म्हणजे ३६० किमी, असं कागदावर दिसतं. मी २४० वर टाकी भरतो. समोरून वारा, सामान, चढ यांनी सरासरी कशी उतरते ते एकदा बघा. आणि नकाशावरचा पंप बंद असू शकतो. म्हणून पंप नेहमी जोडीने बघायचे: एक ठरवलेला, आणि तो बंद असेल तर पोहोचता येईल असा दुसरा. ६३ थांब्यांत हा दुसरा आहे का?

नवा_भिडू
नाही. :(
बाकी प्रतिसाद वाचून ६३ चे २१ झालेत. पण मग रस्ता विचारायचाच झाला तर लोकांना विचारता की नाही? मला जरा लाजल्यासारखं होतं.

घाटमाथा
लाजू नका, फक्त प्रश्न नीट विचारा. "हा रस्ता अमुक गावाला जातो ना?" असं विचारलं की समोरचा हो म्हणतो. आग्रही पाहुण्याला नाही कसं म्हणायचं! त्याऐवजी "हा रस्ता कुठे जातो?" असं विचारा. आणि "किती लांब" न विचारता "तुम्ही शेवटचे कधी गेला होता?" विचारा. रस्ता वाहून गेलाय, पूल बंद आहे, हे अ‍ॅपला कळायच्या आधी ट्रकवाल्यांना आणि दूधवाल्यांना कळतं.

स्वयंघोषित_तज्ज्ञ
माफ करा, पण मला हे सगळं अतिच वाटतंय. मी नकाशा कधीच बघत नाही. सूर्य कुठे आहे ते बघायचं आणि निघायचं. वाट चुकण्यातच मजा आहे.

रानवाट
चुकण्यात मजा आहे हे मान्य, पण ती दुपारी दोनला. संध्याकाळी साडेसातला, पावसात, राखीव टाकीवर नाही. मी सकाळच्या सत्रात मुद्दाम आडवाटेला शिरतो, कारण चूक निस्तरायला दिवस हातात असतो. दुपारनंतर नाकासमोर.

आजोबा_ऑन_व्हील्स
सूर्याचं निघालंच आहे तर: हात लांब करून बोटं आडवी धरायची, सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये. एक बोट म्हणजे अंदाजे पाव तास. चार बोटं उरली की मुक्कामाचं बघायला लागायचं.

नकाशेवाला
हे विषुववृत्ताच्या जवळपास बरं चालतं. जसजसे लांब जाल तसा सूर्य तिरका उतरतो, त्यामुळे एका बोटाला जास्त वेळ लागतो. आणि डोंगरात क्षितिजच वर असतं.

आजोबा_ऑन_व्हील्स
कळलं हो. बोटं माझी आहेत, मला ओळखतात.

सहारा_स्वप्न
मुक्कामाच्या जागेचे अंक टिपून घेताना जपा. एका मित्राने अंश-मिनिटांत दिलेली जागा फोनवर ऐकून दशांशात टाकली. ३० मिनिटं म्हणजे अर्धा अंश, .५. त्याने लिहिलं .३०. फरक ०.२ अंश. अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किलोमीटर, म्हणजे स्वारी मुक्कामापासून २२ किलोमीटरवर एका शेतात उभी. शेताच्या मालकाने रात्रीपुरती जागा दिली म्हणून बरं.

तिसरा_गिअर
म्हणजे मुक्काम बरोबरच होता, पत्ता चुकला.

मागची_सीट
अवांतर: ग्रुपने जाणाऱ्यांसाठी. सगळ्यांनी एकमेकांच्या मागे डोळे लावून चालवायची गरज नसते. पुढारी वळण घेतो तेव्हा त्याच्या मागचा दुसरा तिथेच थांबतो, सगळे जाईपर्यंत रस्ता दाखवत उभा राहतो. शेवटचा गडी ठरलेला असतो. तो आला की हा त्याच्या पुढे निघतो. पुढच्या वळणावर आता जो दुसरा असेल तो थांबतो. नकाशा फक्त पुढारी आणि शेवटच्याकडे असला तरी कोणी हरवत नाही. शेवटच्याने मात्र ओव्हरटेक करायचं नाही, मग कितीही हात शिवशिवले तरी.

क्लचवायर
आमचा शेवटचा गडी एकदा पंक्चर काढत बसला आणि वळणावर एक जण दीड तास उभा होता. पद्धत पक्की आहे याचा पुरावा. तो हलला नाही.

रानवाट
मूळ प्रश्नाकडे येतो, नाहीतर नव्या भिडूचा प्रवास याच धाग्यावर संपायचा. २१ थांबेही चालतील. पण त्या २१ मध्ये दिवसाला एक तरी जागा अशी हवी जिथे त्या दिवसाचा बेत सोडून देता येईल. साधारण दोन-तृतीयांश अंतरावर, राहायची सोय असलेली. मी तिला "हार मानायचं गाव" म्हणतो. दुपारी तिथे पोहोचल्यावर स्वतःला विचारायचं: अंग कसं आहे, आभाळ कसं आहे, किती उजेड उरलाय? पुढे जायचं तर जा. पण ते गाव माहीतच नसेल तर माणूस केवळ मुक्काम बुक केलाय म्हणून अंधारात चालवत राहतो. आणि नऊपैकी एक दिवस कोरा ठेवा. तो कुठे खर्च होईल हे आत्ता कळणार नाही.

स्वयंघोषित_तज्ज्ञ
हार मानायचं गाव मात्र आवडलं. घेतलं.

अर्धा_डबा
+१. आणि त्या गावात पंप बघा.

नवा_भिडू
(पाच आठवड्यांनी)
धागा वर काढतोय, कारण परत आलो. २,८०० आखले होते, झाले २,३४०. दोनदा हार मानायच्या गावी राहिलो. एकदा पावसामुळे, आणि एकदा काहीच कारण नव्हतं, जागा आवडली. कोरा दिवस चौथ्याच दिवशी खर्च झाला: चेन सैल झाली होती आणि स्प्रॉकेटला आवाज येत होता.
फोन खिशात, कानात सूचना. शिवाय आजोबांची पट्टी. सहाव्या दिवशी फोनच्या चार्जिंगच्या जागेत पाणी गेलं आणि चार तास पट्टीवरच चालवलं. एकदाच चुकलो, कारण ८६ चा ९६ वाचला. अक्षर माझंच.
एक वळण नकाशेवाल्यांनी सांगितलं तसं झालं. ट्रॅकची रेघ डावीकडे, बाई सांगतायत सरळ. डावीकडे गेलो. त्या बाई पुढची वीस मिनिटं मागे फिरायला सांगत होत्या.

आजोबा_ऑन_व्हील्स
शाबास. पुढच्या वेळी जाड मार्कर घ्या.

शंकासुर
मस्त! मी पुढच्या सुट्टीत याच बाजूला निघतोय. जीपीएक्स पाठवाल का?

नवा_भिडू
नक्की. कोणती पाठवू, आखलेली की झालेली?

नकाशेवाला
झालेली पाठवा. आणि ट्रॅक म्हणून.